बढतीची वाट मोकळी करताना : कोल्हापूरच्या कारखान्यांत नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

शिरोलीत, गोकुळ शिरगावला किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत एखाद्या कारखान्यात तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात. एचआर ऑफिसर म्हणून, प्लांट हेड म्हणून, किंवा मालकांच्या घरातली पुढची पिढी म्हणून. आणि काही प्रश्न तुम्हाला मनापासून छळतायत : आपल्याकडे बायका मॅनेजर का होत नाहीत? दलित आणि मुस्लिम मुलं सुपरवायझरच्या पुढे का सरकत नाहीत? हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं फौंड्री (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आणि मशीन शॉपची जास्त येतील, कारण इथल्या उद्योगाचा कणाच तो आहे. साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, पतसंस्था इथेही थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगते. बढती बढतीच्या बैठकीत ठरत नाही. ती तीन-चार वर्षं आधीच ठरलेली असते, सकाळच्या मीटिंगला उभ्याउभ्या, जेव्हा एखादा सेक्शन हेड कुणाला कुठलं काम द्यायचं ते सांगून टाकतो. महिला दिनाचं पोस्टर, समान संधीची शपथ, बाहेरून आणलेला वक्ता या सगळ्यावर खर्च करण्याआधी कामाचं वाटप हातात घ्या. पुढची सगळी पावलं त्याच्याभोवतीच आहेत.

पहिलं पाऊल : मोजा, पण आडनावावरून नको

पहिल्या पंधरवड्यात एक तक्ता तयार करा. एका बाजूला हुद्दे : ऑपरेटर, लाइन सुपरवायझर, इंजिनिअर, सेक्शन हेड, मॅनेजर, विभागप्रमुख, संचालक. दुसऱ्या बाजूला विभाग : पॅटर्न शॉप, कोअर शॉप, मोल्डिंग (साचे बनवणं), मेल्टिंग, फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ करणं), मशीन शॉप, क्वालिटी, डिस्पॅच, पर्चेस, अकाउंट्स, एचआर. प्रत्येक चौकटीत तीन आकडे भरा : एकूण माणसं किती, त्यांत स्त्रिया किती, आणि ती माणसं त्या हुद्द्यावर सरासरी किती वर्षं आहेत. तिसरा आकडा फारसं कुणी काढत नाही, आणि खरी गोष्ट तिथेच कळते. इंजिनिअर पुरुष चार वर्षांत सेक्शन हेड होत असेल आणि त्याच बॅचची मुलगी नवव्या वर्षीही इंजिनिअरच असेल, तर "आमच्याकडे बायकांना कुणी अडवत नाही" हे वाक्य तिथेच संपतं.

जात आणि धर्माची नोंद नाजूक असते. गाव कुठलं, पाहुणे कुठले हे विचारून माणूस 'आपल्यातला' आहे का ते ताडायची सवय आपल्याकडे जुनी आहे. तीच सवय एचआरच्या तक्त्यात आणू नका. शिवाय अंदाज चुकतातच. पाटील मराठा असतात, जैन असतात, लिंगायत असतात, मुस्लिमही असतात. त्यापेक्षा निनावी, ऐच्छिक फॉर्म द्या. ही माहिती कुणाच्याही वैयक्तिक फाइलला जाणार नाही असं त्यावर लिहा, आणि ते पाळा. फॉर्म कमी भरून आले तर तीही माहितीच आहे. लोकांचा अजून विश्वास बसलेला नाही, असा त्याचा अर्थ.

आणखी एक. कायद्यातली अल्पसंख्याकांची यादी डोळ्यांपुढे ठेवून थांबू नका. जैन समाज धर्माने अल्पसंख्य आहे, पण इथल्या व्यापार-उद्योगात त्याची जागा जुनी आणि भक्कम आहे. उलट उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला मोल्डर कुठल्याच यादीत बसणार नाही, तरी दहा वर्षं मोल्डिंग करून तो मोल्डरच राहतो, कारण शिफ्ट रिपोर्ट मराठीत लिहावा लागतो. तुमच्या कारखान्यात वरच्या केबिनमध्ये कोण दिसत नाही, ही तुमची यादी.

हा तक्ता दर तीन महिन्यांनी नव्याने काढा. यातही कोल्हापूरला शिकायला बाहेर जावं लागत नाही. २६ जुलै १९०२ ला राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला, तो सगळ्यांना माहीत असतो. त्याच हुकुमात पुढे खातेप्रमुखांना बजावलं होतं की, यानंतर केलेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता सादर करायचा. एवढा मोठा निर्णय घेऊन महाराज थांबले नाहीत, दर तीन महिन्यांनी हिशेब मागितला. तुमच्या मालकांना तिमाही तक्ता जास्तीचं काम वाटला, तर हे त्यांना सांगा. कोल्हापूरचा माणूस या दाखल्याला सहसा नाही म्हणत नाही.

दुसरं पाऊल : वाट उघडणारी कामं कुणाकडे आहेत ते शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

एकाच वर्षी, एकाच कॉलेजातून मेटलर्जी करून दोघं रुजू झाले असं समजा. मुलाला मेल्टिंगवर टाकलं. पहिल्या वर्षी तो रात्री दोनला फर्नेस बंद पडल्यावर फोनवर होता, दुसऱ्या वर्षी ब्लो होलमुळे (ओतलेल्या भागात वायूने पडणाऱ्या पोकळीमुळे) बाद होणारा माल, म्हणजे रिजेक्शन, खाली आणायच्या कामात होता, तिसऱ्या वर्षी कस्टमरची तक्रार आली तेव्हा मॅनेजरबरोबर चाकणला गेला. मुलीला लॅबमध्ये बसवलं. तिने स्पेक्ट्रोचे (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचे) रीडिंग घेतले, वाळूच्या टेस्ट केल्या, पीपॅपच्या (नवा भाग कस्टमरकडून मंजूर करून घ्यायच्या कागदपत्रांच्या) फाइली इतक्या नेटक्या ठेवल्या की ऑडिटर दरवेळी तिचं नाव घेऊन गेले. सहाव्या वर्षी सेक्शन हेडची जागा निघाली. तिच्या फाइलवर शेरा आला, "लाइनचा अनुभव नाही." शेरा खरा होता. पण तो अनुभव तिने टाळलेला नव्हता, तिला तो कुणी दिलाच नव्हता. बहुतेक वेळा हे भल्या मनानेच झालेलं असतं. "पोरगी आहे, कुठं फर्नेसच्या धगीत उभी करता" असं म्हणणारा सेक्शन हेड वाईट माणूस नसतो. त्याच्या मायेची किंमत मात्र ती मुलगी सहा वर्षांनी मोजते.

कोल्हापूर याला अपवाद आहे असं नाही. अमेरिकेत १९९१ च्या नागरी हक्क कायद्याखाली ग्लास सीलिंग कमिशन नेमलं गेलं. ग्लास सीलिंग म्हणजे वर जाताना डोक्याला लागणारं, पण न दिसणारं काचेचं छत. स्त्रिया आणि अल्पसंख्याक व्यवस्थापनात वर का पोचत नाहीत, ते शोधणं हे त्याचं काम. १९९५ मध्ये त्याने मांडलं की, तिथल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांमध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांत ९५ ते ९७ टक्के पुरुष आहेत. कारणांत एक ठळक कारण हेच होतं : या लोकांना एचआर, जनसंपर्क अशा पूरक खात्यांत ठेवलं जातं, आणि वरची वाट जाते उत्पादन आणि विक्रीतून.

तर कागद घ्या आणि वाट उघडणारी कामं लिहून काढा. प्रत्येक कारखान्याची यादी वेगळी येईल, पण साधारण अशी : रिजेक्शन कमी करण्याचं काम, नव्या कास्टिंगचं डेव्हलपमेंट, रात्रपाळीचा इन्चार्ज, कस्टमर ऑडिटला सामोरं जाणं, पुरवठादाराशी दराची बोलणी, नव्या मशीनची निवड, युनियनबरोबरचा करार, पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या भेटी. मग प्रत्येक कामापुढे गेल्या तीन वर्षांत ते कुणाकुणाला दिलं त्यांची नावं लिहा. ती यादी मालकांपुढे ठेवा आणि गप्प बसा. बहुतेक ठिकाणी तीच पाच-सहा नावं फिरत असतात, आणि हे त्यांनाही कधी एका कागदावर दिसलेलं नसतं.

दलित आणि मुस्लिम कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही कोंडी थोडी वेगळी असते. "त्याचा हात चांगला आहे" असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, तो मेंटेनन्सचा मुस्लिम फिटर वर्षानुवर्षं फिटरच राहतो. त्याच्या हाताचं कौतुक होतं, पण बजेट कधी त्याच्या हाती दिलं जात नाही. दलित सुपरवायझरला स्क्रॅप यार्ड, हाउसकीपिंग, कंत्राटी कामगार असे विभाग मिळत राहतात आणि कस्टमरसमोर त्याला कधी उभंच केलं जात नाही.

उपाय अवघड नाही, चिकाटीचा आहे. नव्या प्रत्येक इंजिनिअरला, मुलगा असो वा मुलगी, पहिल्या तीन वर्षांत निदान वर्षभर लाइनवर काम मिळेलच असा लेखी नियम करा. वाट उघडणारी कामं आळीपाळीने द्या, आणि ती वाटण्याचा अधिकार एकट्या सेक्शन हेडकडे ठेवू नका. महिन्यातून एकदा प्लांट हेड, एचआर आणि सेक्शन हेड तिघांनी बसून वाटप करायचं. आधीपासून लॅबमध्ये किंवा डॉक्युमेंटेशनमध्ये अडकलेल्या बायकांना विचारा की लाइनवर यायला आवडेल का. काही नाही म्हणतील, आणि त्यांच्यावर जबरदस्ती नको. पण एकदा नाही म्हणाल्या म्हणून कायमचं नाही असं धरू नका. मूल लहान असताना नको म्हणणारी बाई चार वर्षांनी हो म्हणू शकते. दरवर्षी विचारा.

जाता जाता : मीटिंगचे मिनिट्स लिहिणं, वाढदिवसाचा केक आणणं, खंडेनवमीला मशीनपुढे रांगोळी काढणं, पाहुण्यांच्या जेवणाची व्यवस्था बघणं ही कामं कुणाकडे जातात तेही त्याच कागदावर लिहा. ती कामं कुणाला तरी करावीच लागतात, म्हणून ती पाळीने सगळ्यांकडे जाऊ द्यात.

तिसरं पाऊल : बैठकीतले 'पण' लिहून घ्या

बढतीच्या बैठकीत उघड भेदभाव क्वचितच ऐकू येतो. ऐकू येतं ते असं :

"पोरगा चांगला आहे. कामाला वाघ आहे. पण..."

"पण काय?"

"न्हाई, म्हणजे, कामगार ऐकतील का त्याचं?"

किंवा : "मॅडम हुशार आहेत, वादच नाही. पण युनियनवाल्यांशी बोलायला जरा..." वाक्य अर्धंच राहतं, सगळे मान डोलावतात आणि नाव खाली जातं.

नव्या माणसाने इथे एकच सवय लावून घ्यायची. असा प्रत्येक 'पण' शब्दशः लिहून घ्यायचा आणि शांतपणे दोन गोष्टी विचारायच्या. याला आधार असलेला एखादा प्रसंग सांगता का? आणि आधीच्या उमेदवाराला हाच निकष आपण लावला होता का? आवाज चढवायची गरज पडत नाही. सहसा पहिल्या प्रश्नालाच उत्तर येत नाही.

"कामगार बाईचं ऐकणार नाहीत" या युक्तिवादाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया खटल्याच्या निकालात केंद्र सरकारचं म्हणणं होतं की, सैन्यातले जवान बहुतांश ग्रामीण भागातले पुरुष असतात आणि स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी अजून झालेली नाही. न्यायालयाने हे म्हणणं ठरीव साच्यातलं ठरवून फेटाळलं आणि स्त्री अधिकाऱ्यांसाठी स्थायी कमिशनची (निवृत्तीपर्यंतच्या सेवेची) आणि नेतृत्वपदांची वाट मोकळी केली. जिथे हुकुमावर जिवाची बाजी लागते, तिथेही हा युक्तिवाद टिकला नाही. फेटलिंग शॉपमध्ये तो टिकायचं कारण नाही.

निकष आधी ठरवायचे आणि नावं नंतर आणायची. क्रम उलटा झाला की मनातल्या माणसाला बसतील असे निकष शिवले जातात. चार-पाच निकष पुरेत, आणि ते मोजता यावेत : किती माणसं सांभाळली, कुठला प्रश्न सोडवला, किती रिजेक्शन किंवा खर्च खाली आणला, हाताखालच्या किती जणांना तयार केलं. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न. लग्न कधी, मुलं किती, सासू घरी असते का, हे विचारायचं नाही. निवड करणाऱ्यांत त्या विभागाबाहेरचं निदान एक माणूस हवं, आणि सगळे एकाच बिरादरीचे नसावेत.

नवीन भरतीत अर्जावरचं नाव आणि गाव पहिल्या चाळणीपुरतं झाका. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं यायची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश. उमेदवाराने तोंडही उघडलेलं नसताना हा फरक पडतो.

वार्षिक मूल्यांकनाचे फॉर्मही एकदा सलग वाचून काढा. बायकांच्या फॉर्मवर "मनमिळाऊ", "नेटक्या", "सहकार्य करतात" आणि पुरुषांच्या फॉर्मवर "धडाडी", "निर्णयक्षमता", "पुढाकार" असे शेरे ठोकळ्यासारखे येत असतील, तर ते फॉर्म लिहिणाऱ्याकडे परत पाठवा आणि प्रत्येक शेऱ्यापुढे एक प्रसंग लिहायला सांगा.

चौथं पाऊल : रस्सा मंडळाच्या बाहेरही निर्णय होऊ द्या

आपल्याकडे कारखान्याचे निम्मे निर्णय पांढऱ्या-तांबड्या रश्श्याच्या ताटावर होतात. शनिवारी रात्री एखाद्याच्या शेतावर चूल पेटते, सगळे सेक्शन हेड जमतात, आणि सोमवारी ऑफिसात येताना पुढच्या प्रोजेक्टचा लीडर ठरलेला असतो. त्या पंगतीत बाई नसते. मुस्लिम इंजिनिअरला एकदा बोलावणं जातं, मटण कुठलं आणि सोबत काय काय आहे ते बघून तो पुढच्या वेळी काहीतरी निमित्त काढतो. शाकाहारी माणूस एकदा येऊन भाकरी-ठेचा खाऊन जातो. तालमीचं, पेठेचं, फुटबॉलचं नातं असेल तर ते आणखी घट्ट असतं, आणि बाहेरून आलेल्याला त्यात शिरायला दारच नसतं.

रस्सा मंडळ बंद करा असं मी म्हणणार नाही. ते कोल्हापूरच्या जगण्याचा भाग आहे आणि माणसं त्याने जोडली जातात. नियम एवढाच करा : कामाचा निर्णय कामाच्या वेळेत, कामाच्या जागी, ज्यांचा संबंध आहे ते सगळे हजर असताना. बाहेर काही बोलणं झालंच असेल तर सोमवारच्या मीटिंगला ते पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. आणि वर्षातून तीन-चारदा दुपारचं जेवण ठेवा, घरच्यांसकट, सगळ्यांना खाता येईल असं. मालक तिथे पूर्ण वेळ बसले पाहिजेत, नाहीतर लोक ते जेवण धरतच नाहीत.

पाचवं पाऊल : शिफ्ट, बस, शौचालय, पाळणाघर

"बायका रात्रपाळी करत नाहीत, मग इन्चार्ज कशा करायच्या?" हा प्रश्न हमखास येतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांनुसार स्त्रीची संमती असेल आणि सुरक्षिततेच्या अटी पाळल्या जात असतील, तर संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधीही ती काम करू शकते. म्हणजे अडचण आता परवानगीची नाही, व्यवस्थेची आहे. शिरोलीहून रात्री अकराला सुटलेली बाई आजऱ्याच्या किंवा पन्हाळ्याच्या बाजूच्या गावात कशी पोचणार? केएमटी, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची बस, त्या वेळी तिच्या उपयोगाची नसते. कंपनीची गाडी दारापर्यंत हवी, आणि ती एकट्या बाईला शेवटी उतरवणारी नको. एका कारखान्याला हे परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून गाडी ठेवावी. वसाहतीतल्या उद्योजक संघटनेत हा विषय काढा, तिथे तो सोपा होतो.

शौचालय कुठे आहे ते स्वतः चालून बघा. फर्नेस बेपासून ऑफिस इमारतीपर्यंत चालत जाऊन यायला दहा मिनिटं लागत असतील, तर लाइनवर काम करणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही. हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे बायकांच्या मापाचे मागवा. मोठा बूट घालून मोल्डिंगच्या वाळूत चालणं धोक्याचं असतं.

प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या या तरतुदी संहितेतही कायम आहेत. मालकांना खर्चाची भीती असते, तेव्हा हेही सांगा की ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) पगारमर्यादेतल्या कर्मचारी स्त्रियांचा प्रसूती लाभ ईएसआय महामंडळ देतं. त्या मर्यादेवरच्या पगाराच्या बायकांचा भार कंपनीवर येतो, पण अनुभवी इंजिनिअर गमावून नवा माणूस तयार करायचा खर्च त्यांनी एकदा कागदावर मांडून बघावा.

रजेवर जाण्याआधी तिच्याबरोबर बसून लिहून ठेवा : काम कुणाकडे जाणार, परत आल्यावर कुठलं काम मिळणार. रजेच्या वर्षात बढतीची यादी निघाली तर तिचं नाव आपोआप विचारात घ्यायचं. तिला ऑफिसात येऊन आठवण करून द्यावी लागू नये.

दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगितलं आहे, आणि तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला बंदी घातली आहे. दोन्हींची पूर्तता बहुतेक ठिकाणी कागदावरही नसते. ती या वर्षीच करून टाका.

सहावं पाऊल : तक्रार आणि पगार

दहा किंवा अधिक माणसं असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये काम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. उद्यमनगरात अशी वर्कशॉप पुष्कळ आहेत, म्हणून हे भिंतीवर मराठीत लावा. बाहेरचा सदस्य मालकांचा पाहुणा किंवा कंपनीचाच वकील असेल, तर समितीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

जातीवरून किंवा धर्मावरून केलेल्या टोमण्यांची तक्रार कुठे करायची, हे बहुतेक कारखान्यांत कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी वेगळा माणूस नेमा, आणि तक्रार करणाऱ्याची त्या काळात बदली होणार नाही हे लिहून द्या.

पगाराचं एका वाक्यात : सारख्या कामाला सारखा पगार आहे का ते शीट काढून बघा, आणि फरक असेल तर येत्या वाढीतच मिटवा. मुंबईच्या एका कंपनीतल्या ऑड्रे डिकोस्टा यांच्या खटल्यात १९८७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्री स्टेनोग्राफरना पुरुषांइतकाच पगार द्यावा लागेल, आणि कंपनीची आर्थिक ओढाताण ही सबब चालणार नाही.

सातवं पाऊल : शब्द टाकणारं माणूस

सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बंद दाराआड, तुम्ही तिथे नसताना तुमच्या नावासाठी शब्द टाकणारं माणूस मिळणं दुर्मीळ असतं. पुरुषांना ते आपोआप मिळतं : काका, गावचे साहेब, तालमीचे वस्ताद. ज्यांना मिळत नाही त्यांना ते ठरवून द्यावं लागतं. प्रत्येक विभागप्रमुखाकडे आपल्या ओळखीबाहेरच्या दोन व्यक्ती सोपवा आणि त्यांना वाट उघडणारं काम मिळालं का, हे त्या प्रमुखाच्याच वार्षिक मूल्यांकनात धरा.

गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. शाहू महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. उपदेश करणारे त्या काळीही होते. महाराजांनी आपलं वजन त्या कपाच्या मागे उभं केलं, आणि चौकातल्या सगळ्यांना ते दिसेल असं केलं.

मालकी आणि संचालक मंडळ

इथले बहुसंख्य कारखाने घरचे आहेत. मुलगा प्लांट बघतो, मुलगी शिकून पुण्याला जाते किंवा सून अकाउंट्सला बसते. वारसाहक्काची चर्चा करताना मुलीला आणि सुनेलाही लाइनवर वर्षभर काढायला सांगा, मुलाला सांगता तसंच. मगच कोण पुढे न्यायचं ते ठरवा. कंपनी कायदा २०१३ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक मोठ्या पब्लिक कंपन्यांना निदान एक स्त्री संचालक नेमावी लागते. सहकारी संस्थांत महाराष्ट्र सहकार कायद्याने संचालक मंडळात दोन जागा स्त्रियांसाठी आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त यांच्यासाठी स्वतंत्र जागा ठेवल्या आहेत. जागा बाईची आणि सही-चर्चा नवऱ्याची, हे चित्र तुम्हाला दिसेल. तुम्ही सचिव किंवा व्यवस्थापक असाल तर विषयपत्रिका, ताळेबंद आणि फोन थेट संचालक बाईंनाच जाऊ द्या. बैठकीआधी तासभर त्यांच्याबरोबर आकडे समजून घ्यायला बसा. दोन-तीन बैठकांत त्या प्रश्न विचारू लागतात.

बढती दिल्यानंतरचे सहा महिने

पहिली बाई किंवा पहिला दलित मॅनेजर नेमला की पुष्कळ जण हात झटकतात. खरी कसोटी तिथून सुरू होते. नेमणुकीच्या दिवशी मालकांनी सगळ्या शिफ्टपुढे उभं राहून तिचे अधिकार सांगावेत : किती रुपयांपर्यंतची खरेदी तिच्या सहीने, कुणाची रजा, कुणाचा ओव्हरटाइम. पहिल्या महिन्यात कुणीतरी तिला वगळून थेट मोठ्या साहेबांकडे जाणारच. साहेबांनी त्याला चहा पाजावा आणि तिच्याकडेच परत पाठवावं. एकदा जरी साहेबांनी परस्पर निर्णय दिला, तर तिची खुर्ची नावापुरतीच उरते. तिच्या हातून चूक झाली तर तिच्या जागी पुरुष असता तर काय केलं असतं, तेवढंच करा. कमी नको, जास्तही नको. एकट्या नावावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, म्हणून वर्ष व्हायच्या आत दुसरं आणि तिसरं नाव लाइनवर तयार होत असलं पाहिजे.

आणि त्या जागेची दहा-बारा वर्षं वाट बघत बसलेला जुना फोरमन. त्याला नोटीस बोर्डवरून कळू देऊ नका. आदल्या दिवशी केबिनमध्ये बोलवा, निकष दाखवा, तो कुठे कमी पडला ते स्पष्ट सांगा, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याला कुठली जागा, कुठलं प्रशिक्षण मिळेल ते तारखेसकट लिहून द्या. नव्या मॅनेजरला लाइनची खाचखळग्यांसकट माहिती देणारा तोच असतो, आणि त्याचा मान राखला गेला तर तो ती देतोही.